रिकाम्या खिशाचा ऐतिहासिक चित्रपट

कादंबरीकाराचा धंदा तसा फार स्वस्तातला. एक वही, एक लेखणी आणि घरच्या माणसांची थोडी सहनशीलता, एवढ्या भांडवलावर तो हवा तो काळ उभा करू शकतो. पहाटेच्या धुक्यातून दहा हजार घोडेस्वार खिंडीत उतरले, असे वाक्य लिहावयास त्याला पैचाही खर्च येत नाही. घोड्यांना चंदी लागत नाही, स्वारांना जेवू घालावे लागत नाही, आणि धुके पडेपर्यंत ताटकळत बसावे लागत नाही. चित्रपट करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला दहाच स्वार हवे असले तरी दहा घोडे, दहा खोगिरे, दहा अंगरखे आणि घोड्यावरून न पडणारी दहा माणसे गोळा करावी लागतात. एवढे करून मागच्या टेकडीवर विजेचा खांब दिसला, तर तो उपटता येत नाही म्हणून टेकडीच बदलावी लागते.

यामुळे ऐतिहासिक चित्रपट म्हटला की पहिला विचार पैशाचा, असे आपण धरूनच चालतो. जाहिरातीसुद्धा त्याच सुरात बोलतात. सेट किती लाखांचा, दागिने किती तोळ्यांचे, हत्ती किती. राजाच्या मनात काय चालले होते हे मात्र कोणी सांगत नाही. श्रीमंतीला माझा आक्षेप नाही. ‘मुघल-ए-आझम’चा (१९६०) शीशमहाल पाहताना माझेही डोळे दिपतात. पण नुसत्या पैशाने काळ उभा राहतो असेही नाही. सोहराब मोदींनी १९५३ साली ‘झाँसी की रानी’ काढला, तो टेक्निकलरमध्ये. त्यासाठी परदेशी तंत्रज्ञ आणले, पाण्यासारखा पैसा ओतला, आणि चित्रपट तिकीटबारीवर बसला. तो बसला म्हणून वाईट, असे मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की राणीचे तेज आणि पडद्यावरचे रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग उलट प्रश्न विचारून पाहावा. पैसा जवळजवळ नाहीच, अशा स्थितीत गेलेला काळ पडद्यावर आणता येईल काय? शाळेच्या स्नेहसंमेलनात दरसाल शिवाजीमहाराज उभे करणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींना या प्रश्नाचे एक उत्तर तोंडपाठ असते: बेगडाचा मुकुट, पुठ्ठ्याची तलवार, आणि पडदा वर गेल्यावर ध्यानात येते की एका मावळ्याने मनगटावरचे घड्याळ काढलेलेच नाही. प्रेक्षक आईबाप असतात, म्हणून निभावते. चित्रपटाचा प्रेक्षक आईबाप नसतो. तेव्हा या प्रश्नाचे गंभीर उत्तर हवे असेल तर एक गंभीर उदाहरण घेतले पाहिजे. मी इंग्लंडमधले घेतो: केव्हिन ब्राउनलो आणि अँड्र्यू मोलो या दोघांनी मिळून केलेला ‘विन्स्टॅन्ली’ (१९७५). आपल्याकडे तो फार थोड्यांनी पाहिला आहे. पण रिकाम्या खिशाने ऐतिहासिक चित्रपट करण्याचे सगळे गुण आणि सगळे धोके या एका चित्रपटात जितके स्वच्छ दिसतात, तितके क्वचितच दुसरीकडे दिसतील.

१

आधी या दोघांची ओळख करून घेऊ; कारण त्यांचा पहिला उद्योग समजल्यावाचून दुसरा समजत नाही. १९५६ साली ब्राउनलो अठरा वर्षांचा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी इंग्लंड जिंकले असते तर काय झाले असते, या कल्पनेवर त्याने चित्रपट करावयास घेतला. गणवेशांसाठी तो मोलोकडे गेला. मोलो सोळा वर्षांचा; पण लष्करी गणवेशांचा त्याचा व्यासंग असा की बटण कुठल्या पलटणीचे हे तो दुरून सांगे. आधी झालेल्या चित्रणातले दोष त्याने एकामागून एक दाखवले. दुसरा कोणी असता तर रागावला असता. ब्राउनलोने त्यालाच भागीदार करून घेतले. या दोन पोरांनी ‘इट हॅपन्ड हिअर’ हा चित्रपट पुरा करण्यास आठ वर्षे घेतली. सुटीच्या दिवशी चित्रण, मित्र आणि ओळखीपाळखीचे लोक हेच नट, सगळा खर्च सात हजार पौंडांच्या आसपास. स्टॅन्ली कुब्रिकने आपल्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मधून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे त्यांना देऊन टाकले. शिंप्याकडच्या चिंध्यांतून गोधडी शिवावी तसा हा चित्रपट शिवला गेला. पण पाहणाऱ्याला शिवण दिसत नाही. लंडनच्या रस्त्यांतून जर्मन शिपाई चालताना दिसतात तेव्हा क्षणभर हा जुना वार्तापटच आहे असे वाटते.

पुढे ब्राउनलो मूकपटांचा थोर इतिहासकार झाला. ‘द परेड्स गॉन बाय’ हे त्याचे १९६८ सालचे पुस्तक त्या विषयात अजून वाचले जाते; आबेल गान्सचा ‘नेपोलियन’ (१९२७) त्याने तुकडा तुकडा जमवून पुन्हा उभा केला, आणि २०१० साली ऑस्कर देणाऱ्या संस्थेने त्याचा मानाचा पुरस्कार देऊन गौरव केला. मोलो लष्करी वेशभूषेचा तज्ज्ञ म्हणून मोठमोठ्या चित्रपटांना सल्ला देऊ लागला. पण दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेले पूर्ण लांबीचे चित्रपट दोनच. दुसरा ‘विन्स्टॅन्ली’. तिसरा झाला नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

२

विषय आहे १६४९ सालचा. त्या वर्षी ३० जानेवारीला इंग्लंडच्या लोकांनी आपल्या राजाचे, पहिल्या चार्ल्सचे, मस्तक उडवले. राजा गेला, पण राजाशी लढलेल्या गरिबाच्या घरी भाकर आली नाही. धान्य महाग, लढाईवरून परतलेले शिपाई रिकामे, जमीन मात्र होती त्यांच्याकडेच. अशा वेळी जेरार्ड विन्स्टॅन्ली नावाचा एक मनुष्य पुढे आला. तो लंडनमध्ये कापडाचा व्यापारी होता. यादवी युद्धात त्याचे दिवाळे निघाले आणि सरे परगण्यात जाऊन तो दुसऱ्यांची गुरे राखू लागला. पृथ्वी ही सर्वांची सामाईक ठेव आहे, ती काही जणांनी कुंपणे घालून बळकावली, आणि म्हणून बाकीचे उपाशी, एवढा साधा त्याचा विचार. १ एप्रिल १६४९ रोजी तो आणि त्याचे थोडे सोबती फावडी घेऊन सेंट जॉर्जच्या टेकडीवर गेले आणि तिथले गायरान खणून त्यांनी गाजरे, शेंगा आणि पार्सनिप नावाचा कंद लावला. म्हणून त्यांना ‘डिगर्स’ म्हणजे खणणारे हे नाव पडले. कोणावर हात उगारायचा नाही, कोणाच्या कुंपणातली जमीन घ्यायची नाही; जी पडीक आहे तीच कसायची, मिळून कसायची आणि मिळून खायची.

आपल्या वाचकाला इथे विनोबांची आठवण होईल. पण एक फरक आहे. पोचमपल्लीला १९५१ साली भूदान सुरू झाले ते देणाऱ्याच्या मनाला हाक घालून. विन्स्टॅन्ली कोणाजवळ दान मागत नाही. जे सर्वांचेच आहे ते मागायचे कोणाकडे, असा त्याचा सवाल. अर्थात उत्तर मिळायचे तेच मिळाले. आसपासच्या जमीनदारांनी माणसे घालून पिके तुडवली, झोपड्या मोडल्या, कोर्टात खेचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिगर्सना टेकडी सोडून जवळच्या कोबहॅमच्या माळावर जावे लागले, आणि १६५० च्या एप्रिलमध्ये तिथलीही घरे जाळण्यात आली. पुढाकार घेणाऱ्यांत प्लॅट नावाचा पाद्री होता. एक वर्ष आणि थोडे दिवस, एवढेच या प्रयोगाचे आयुष्य.

डेव्हिड कोट याने या विषयावर ‘कॉम्रेड जेकब’ नावाची कादंबरी १९६१ साली लिहिली होती. चित्रपटाचे मूळ तिच्यात आहे. पण दिग्दर्शक हळूहळू कादंबरीपासून दूर आणि विन्स्टॅन्लीच्या स्वतःच्या पत्रकांच्या जवळ जात राहिले. चित्रपटात जो आवाज आपण ऐकतो तो बराचसा त्या पत्रकांचा आहे. आता, कादंबरीकार या नात्याने मी कोटच्या बाजूचा असावयास हवा. पण इथे दिग्दर्शकांचे बरोबर आहे असे मला वाटते. कादंबरी पात्राच्या मनात शिरते. या दिग्दर्शकांना मनापेक्षा माती हवी होती.

३

आता पैसा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या निर्मिती मंडळाने या चित्रपटाला जी रक्कम दिली ती वीस-पंचवीस हजार पौंडांच्या घरातली. त्या काळी लंडनमधल्या सामान्य चित्रपटालाही याच्या कितीतरी पट पैसा लागे. आणि हा तर तीनशे वर्षांपूर्वीच्या काळातला. यांतून काय साधले ते क्रमाने पाहू.

नट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जवळजवळ सर्व भूमिका हौशी माणसांनी केल्या. सेनापती फेअरफॅक्सचे काम करणारा जेरोम विलिस हा एकटा व्यवसायी नट. विन्स्टॅन्लीची भूमिका माइल्स हॅलिवेलने केली. तो शाळामास्तर होता! (हे उद्गारचिन्ह माझे व्यावसायिक आहे, वाचकांनी क्षमा करावी.) देवाधर्माची बंधने झुगारून देणाऱ्या ‘रँटर’ पंथाची एक टोळी डिगर्समध्ये घुसून त्यांना त्रास देते, असा भाग चित्रपटात आहे. तिच्या म्होरक्याचे काम सिड रॉल याला दिले. हा रॉल त्या दिवसांत मोकळ्या घरांचा आणि जमिनींचा ताबा घेण्याच्या चळवळीत खरोखरीचा पुढारी होता. त्याला अभिनय करावा लागला नसेल. कपडे तेवढे बदलावे लागले.

सामानाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. श्रीमंत चित्रपट चिलखत बनवून घेतो: हलके, चकचकीत, नटाला सोयीचे. गरिबाला बनवून घेणे परवडत नाही, त्याला मागून आणावे लागते. आणि मागायचेच तर खरे का मागू नये? ‘विन्स्टॅन्ली’तली चिलखते १६४० च्या दशकातली, अस्सल, टॉवर ऑफ लंडनच्या संग्रहातून आणलेली आहेत. जनावरेही आजची धष्टपुष्ट संकरित नव्हेत. नामशेष होत आलेल्या जुन्या जातींची डुकरे-गुरे हुडकून आणलेली. याचा परिणाम सजावटीपुरता राहत नाही. खरे लोखंड अंगावर चढले की माणूस निराळा चालतो, खांदे निराळे पडतात, घोड्यावरून उतरताना त्याला घाई करता येत नाही. नटाला जे शिकवता आले नसते ते त्या लोखंडाने शिकवले आहे.

चित्रपटाच्या आरंभी लढाई आहे. हजारो सैनिक दाखवणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी लढाईचे तुकडे केले: घोड्यांचे खूर, भाल्यांची रांग, एक उघडे पडलेले तोंड, धूर. हे तुकडे भराभर जोडले, आणि वर प्रोकोफिएव्हचे संगीत चढवले, तेच, जे आइझेन्स्टाइनच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’साठी (१९३८) रचले होते. ही मूकपटांच्या थोर संकलकांची विद्या. ब्राउनलोने तिचा जन्मभर अभ्यास केला, तो असा कामी आला. सैन्य मोठे नाही हे आपल्याला कळते. पण लढाई मोठी आहे हे पटते.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. हौशी माणसे आठवडाभर आपापल्या नोकऱ्यांवर. तेव्हा चित्रण शनिवार-रविवारी. त्यामुळे ते महिनोन् महिने लांबले. पण या लांबण्यातूनच चित्रपटाला त्याचे ऋतू मिळाले. खरा पाऊस, खरा चिखल, खरे बर्फ. डिगर्सच्या वसाहतीवर हिवाळा येतो तो पंख्याने उडवलेल्या मिठाचा नसतो. अर्नेस्ट विन्झे याच्या कॅमेऱ्याने हे सगळे काळ्या-पांढऱ्यात असे टिपले आहे की ओल्या लोकरीचा वास यावा.

४

इथपर्यंत मी कौतुक केले. आता टीकाकाराचे काम करतो. कारण गरिबाच्या चित्रपटाला दयेपोटी गुण द्यावयाचे, ही त्याची अवहेलना आहे.

पहिला दोष असा की हॅलिवेलचा विन्स्टॅन्ली फार सोज्वळ आहे. त्याचा चेहरा सुंदर, आवाज धीरगंभीर. पण त्याला राग आलेला आपण पाहत नाही, तो कधी हट्टाला पेटत नाही, चुकत नाही. दिवाळे निघालेला व्यापारी, तोही ऐन चाळिशीत गुरे वळण्याची पाळी आलेला, इतका शांत असेल काय? पत्रकांतला विन्स्टॅन्ली तिखट आहे. पडद्यावरचा बराचसा संत आहे. एखादा कसलेला नट असता तर त्याने या शांतपणाखालचा निखारा दाखवला असता. इथे पैशाची उणीव स्पष्ट जाणवते.

दुसरा दोष कथनाचा. त्या काळचे इंग्लंडचे राजकारण ज्याला ठाऊक नाही त्याला पहिली दहा मिनिटे काहीच उमगत नाही. लढाई, मजकुराच्या पाट्या, सैन्यातले वाद हे सगळे इतक्या झपाट्याने जाते की आपण वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागतो. पुढे मात्र चित्रपट संथ होतो आणि मग तो जे सांगतो ते सगळे समजते.

तिसरा दोष हौशी आवाजांचा. चेहरे सतराव्या शतकातले वाटतात; तोंड उघडले की काही जण विसाव्या शतकातले होतात. चेहऱ्यासाठी माणूस निवडला की ही किंमत मोजावी लागते. दिग्दर्शकांनी ती जाणून मोजली आहे. म्हणूनच जिथे बोलणे नाही, नुसते खणणे, पेरणे, वाट पाहणे आहे, तिथे हा चित्रपट सर्वांत उंच जातो.

पाद्री प्लॅटच्या बाबतीत मात्र मला थोडे निराळे म्हणायचे आहे. तो खलनायक आहे, पण त्याच्या घरात त्याची बायको आहे, आणि तिचे मन डिगर्सच्या बोलण्याकडे ओढले जाते. या एका धाग्याने प्लॅटचा द्वेष नुसता जमिनीचा राहत नाही. तो घरातल्या भीतीचा होतो. कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ही जागा आहे, आणि तिला खर्च काही नाही: एक खोली, दोन माणसे.

हे दोष सांगूनही मला वाटते की गेला काळ पडद्यावर आणण्यात ‘विन्स्टॅन्ली’च्या तोडीचे चित्रपट फार थोडे आहेत. याचे कारण विषय आणि साधने यांचा मेळ. उपाशी माणसांची कथा उपाशी साधनांनी सांगितली आहे. रात्रंदिवस राबणारी डिगर्सची टोळी आणि सुट्या खर्ची घालून माळावर चिखलात उभी राहिलेली हौशी मंडळी, या दोघांत फार अंतर नाही. दोघांनाही कोणी मजुरी दिलेली नाही. हाच चित्रपट दहापट पैशात केला असता तर झोपड्या अधिक सुबक झाल्या असत्या, आणि त्या मोडल्या तेव्हा आपल्याला कमी वाईट वाटले असते.

५

पण इथेच सावध झाले पाहिजे. अशी उदाहरणे सांगितली की लगेच कोणी तरी म्हणतो, पाहा, कलेला पैसा लागत नाही, तळमळ लागते! हे वाक्य मला धोक्याचे वाटते. मास्तरकीत मी ते फार ऐकले आहे: शाळेला प्रयोगशाळा नाही, पण तळमळीचे शिक्षक आहेत. ज्याला पैसे द्यावयाचे नसतात तोच हे वाक्य बोलतो.

पैसा नसलेल्या चित्रपटाचेही मोल कोणीतरी भरतेच. आपल्याच घरातले उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून. परत आल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत सारे त्या माऊलीने केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला, तेव्हा लोकांनी दादासाहेबांचे नाव घेतले. दादासाहेबांच्या थोरवीला यामुळे बाधा येत नाही. पण हिशेब पुरा मांडायचा तर त्यांत त्या दागिन्यांची ओळ असली पाहिजे.

बंगालमध्ये हीच कथा पुन्हा घडली. सत्यजित राय जाहिरात कंपनीतली नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी ‘पथेर पांचाली’चे चित्रण करीत. तोही गेल्या काळातलाच चित्रपट. विभूतिभूषणांच्या कादंबरीतले, विसाव्या शतकाच्या आरंभीचे खेडे त्यांना हवे होते. १९५२ च्या शरदात काशफुलांच्या रानात एक दिवस चित्रण झाले; पुढच्या खेपेला जाऊन पाहतात तो गुरांनी सगळी फुले खाऊन टाकलेली! फुले पुन्हा येईपर्यंत वर्षभर थांबावे लागले. पैसे संपले तेव्हा पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला म्हणून १९५५ साली चित्रपट पुरा झाला. मधल्या काळात वाढत्या मुलांचे आवाज फुटले असते, किंवा म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणचे काम करणाऱ्या चुनीबालादेवी गेल्या असत्या, तर सगळे मुसळ केरात गेले असते. तळमळ होतीच, पण तिच्याबरोबर नशीबही होते, बायकोचे दागिने होते आणि शेवटी सरकारी तिजोरीही होती.

आता मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट. ब्राउनलो आणि मोलो यांनी तिसरा चित्रपट केला नाही. पहिल्याला आठ वर्षे, दुसऱ्याला पुन्हा काही वर्षे, आणि मग मार्ग बंद. ‘विन्स्टॅन्ली’चे कौतुक परदेशात झाले, पण त्याच्या स्वतःच्या देशात तो फारसा कोठे लागलाच नाही. आयुष्यात दोन चित्रपट, तेही असे! हिशेब मांडायचा तर ही त्याची सर्वांत मोठी रक्कम आहे: न झालेले चित्रपट. पैसा नसला तर माणूस वेळेने मोल भरतो, आणि वेळ माणसाजवळ मोजकाच असतो. ज्याच्यावर घरची चूल अवलंबून आहे त्याला तेवढाही परवडत नाही. म्हणजे विनापैशाचा चित्रपट करणे हीदेखील थोडी सुस्थिती असलेल्यांचीच मिरास ठरते. डिगर्समधल्या खऱ्या भुकेल्या माणसाच्या वंशजाला शनिवार-रविवारी माळावर फुकट उभे राहता आले असते का, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, आपण विचारावा.

आज खिशातल्या फोनवर चित्रण होते, संकलन घरच्या टेबलावर होते. माझ्या वर्गातली मुलेही सुटीत गडावर जाऊन ‘ऐतिहासिक’ काहीतरी टिपून आणतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. एक, तलवारी विकत आणू नका; आजोबांच्या घरातले जुने जाते, पखाल, घोंगडे मागून आणा, आणि ते कसे वापरीत हे आजीला विचारा. इतिहासातल्या माणसांचा बहुतेक दिवस लढण्यात गेलेला नाही. दळण्यात, पाणी भरण्यात, पावसाची वाट पाहण्यात गेला आहे, आणि हे सगळे दाखवावयास स्वस्त आहे. दुसरी, जो मित्र तुमच्यासाठी उन्हात उभा राहिला त्याचे नाव शेवटच्या पाटीवर मोठ्या अक्षरात घाला, आणि पहिला पैसा आला की त्याला आधी द्या.

जाता जाता एक योगायोग सांगण्यासारखा आहे. सेंट जॉर्जची टेकडी टेम्सकाठच्या वॉल्टन गावाच्या हद्दीत येत असे. फाळके १९१२ साली विलायतेत चित्रपटाची विद्या शिकले ती सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत. आणि तो स्टुडिओ याच वॉल्टनमध्ये होता. विन्स्टॅन्लीच्या लोकांनी जिथे गाजरे लावली त्या टेकडीपासून हाकेच्या नव्हे, पण पायी जाण्याच्या अंतरावर आपल्या चित्रपटाचे पहिले धडे गिरवले गेले. दादासाहेबांना डिगर्सची वार्ता असण्याचे कारण नव्हते. चित्रपट करावयाची वेळ आली तेव्हा ब्राउनलो आणि मोलो यांना मात्र त्या टेकडीचा उपयोग करता आला नाही. तिथे आता श्रीमंतांचे बंगले आहेत, गोल्फचे मैदान आहे, आणि भोवती राखणदार असलेली फाटके आहेत. गायरान सर्वांचे, असे जिथे म्हटले गेले, तिथेच आता वाटसरूला मज्जाव आहे. म्हणून चित्रण दुसऱ्या एका माळावर झाले.

या दिवाळीच्या सुटीत घरातल्या थोरामोठ्यांनी, आणि इतिहास वाचू लागलेल्या मुलांनीही, हा चित्रपट मिळवून पाहावा. फराळाचे ताट समोर घेऊन मात्र पाहू नये. पडद्यावरची माणसे पाऊण-एक तास गाजराच्या रोपाची वाट पाहत असतात, आणि चकली हातात तशीच राहते.